साळवेंना मी सिनेमे सुचवले

माझी सिनेमाची आवड अत्यंत उच्च दर्जाची आहे. हे मत माझं एकट्याचं आहे, पण ठाम आहे.

माझ्या बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, मत वेगळं आहे. तिच्या मते ज्यात आई आंधळी होत नाही, बाप खोकत नाही आणि शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटत नाही, तो सिनेमा मी सिनेमाच मानत नाही. हे खरं आहे. हसण्यासाठी तिकीट काढणाऱ्यांतला मी नाही. हसायला ऑफिस आहे. रडायला मात्र सरकारी नोकरीत सवड मिळत नाही (प्रमोशनची यादी लागते तो दिवस सोडून), म्हणून ती सोय बाहेर करावी लागते.

त्यामुळे सॅम्युअल साळवे जेव्हा सकाळच्या मेट्रोत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कानडे, मला चांगले सिनेमे सांगा," तेव्हा मला भरून आलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता!

साळवे गाझियाबादला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे नगर जिल्ह्यातले. आमची खाती वेगळी, पण मेट्रो एक. ते ऑडिटमध्ये आहेत, आणि ऑडिटमध्ये आहेत हे त्यांच्याकडे बघूनही कळतं. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी ती कोणत्या कारणाने दिली ते विचारून घेतात. वडील मिशनच्या शाळेत मुख्याध्यापक. घरात सिनेमाचं नाव काढलं की पोराला चूळ भरून यायला सांगत. नंतर शिष्यवृत्ती, मग स्पर्धा परीक्षा, मग ऑडिटचे दौरे. पन्नाशीला आलेल्या या माणसाने एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

"आत्ताच का आठवण झाली?" मी विचारलं.

"मार्थाची बदली नागपूरला झाल्यापासून घरात आवाजच नाही हो. रूथ बोलत नाही."

"भांडलात?"

"भांडायला तरी बोलावं लागतं ना! काहीच नाही. 'जेवलीस?' 'हो.' 'कॉलेज कसं आहे?' 'ठीक.' 'काही हवंय?' 'बिल्कुल नाही.' झालं. आधी मार्था मध्ये होती. पोरीचं मला सांगायची, माझं पोरीला. आता आमच्यावर थेट बोलायची वेळ आली, तर दोघांनाही जमत नाही."

रूथ कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये होती. मैत्रिणींशी फोनवर ती सिनेमावर तासन्‌तास बोले, आणि ते सगळं साळवे भिंतीच्या अलीकडून ऐकत बसत.

"पुढच्या वर्षी ती शिकायला बाहेर जाईल," साळवे म्हणाले. "मग कधी बोलणार? तिच्याशी चार वाक्यं बोलता येतील, एवढे सिनेमे मला सांगा." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यात काय? रूथला काय आवडतं ते तिलाच विचारा म्हणावं, आणि तेच बघा."

एवढा सोपा उपाय मला पटणं शक्यच नव्हतं. शिवाय विचारलं मला होतं, रूथला नाही!

सुरुवात मी जरा सौम्य सिनेमाने केली. विधवा आई, जत्रेत चुकामूक झालेले दोन भाऊ आणि शेवटी कोर्टात येऊन खुन्याला ओळखणारी शेळी. तो सिनेमा मी लहानपणी पहिल्यांदा पाहिला आणि आजही नुसती शेळी दिसली तरी मला हुंदका येतो. (बकरी ईदच्या आठवड्यात मी बाजाराच्या रस्त्याने जात नाही.)

दुसऱ्या दिवशी साळवे प्लॅटफॉर्मवर गंभीर चेहऱ्याने उभे होते.

"पाहिलात?"

"पाहिला. काही आक्षेप आहेत."

"आक्षेप?"

"विधवा बाई शिवणकाम करते. मशीन एकच. तेवढ्यावर मुलगा बॅरिस्टर होऊन येतो. उत्पन्नाचा स्रोत दाखवलेला नाही."

"अहो, कष्टाचा पैसा तो!"

"कष्ट दिसले. पावत्या दिसल्या नाहीत. दुसरं, तो इन्स्पेक्टर सिनेमाभर डोंगरात फिरतोय. दौऱ्याला मंजुरी कुणाची? तिसरं, शेळी. शेळीची साक्ष कोणत्या नियमाखाली नोंदवली?"

"साळवे, हळू बोला."

"आणि नोंदवली तर तिची उलटतपासणी का नाही?"

शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी कानातली वायर काढली. "भाईसाहब, कौन सी पिक्चर है ये?" त्यांना नाव सांगेपर्यंत आमचं स्टेशन गेलं.

पुढच्या स्टेशनवरून मागे परत येताना मी विचारलं, "रूथ काय म्हणाली?"

"ती खोलीतून पाणी प्यायला बाहेर आली. टीव्हीवर शेळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि पाणी न पिताच परत गेली."

माझ्या लक्षात आलं, की दोष सिनेमाचा नाही, बघणाऱ्याचा आहे. त्या दिवशी दुपारी जेवायला आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये गेलो. थालीपीठ येईपर्यंत मी त्यांना समजावलं. "साळवे, सिनेमा म्हणजे फाईल नाही. आक्षेप घ्यायचे नाहीत. मनाने बघायचं. आता मी सांगतो त्या सिनेमातला बाप बघा. मुलीशी कसं बोलावं ते त्याच्याकडून शिका."

हा दुसरा सिनेमा म्हणजे माझ्या संग्रहातलं रत्न. बापाला असाध्य रोग झालेला असतो आणि मुलीचं लग्न होईपर्यंत तो ते लपवतो. अडीच तास लपवतो! सुनंदाने एकदा विचारलं होतं, की इतका वेळ हा माणूस खोकतोय तर घरातल्या कुणालाच ऐकू कसं येत नाही. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

"त्यातला बाप कधी समोरासमोर बोलत नाही," मी सांगितलं. "खिडकीशी जातो. पाठ फिरवतो. मग बोलतो. आणि मुलीने काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही. फक्त हसायचं. असं." मी उठलो, कँटीनच्या खिडकीशी गेलो, पाठ फिरवली, आणि वळून हसून दाखवलं. वाढणाऱ्याला वाटलं, माझं जेवण झालं. तो माझं ताट घेऊन गेला.

पुढे घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण तुम्हाला सरळ सांगतो.

साळवेंनी तो सिनेमा पाहिला. या वेळी एकही आक्षेप न घेता, मी सांगितल्याप्रमाणे, मनाने. आणि शनिवारी संध्याकाळी रूथ स्वयंपाकघरात मॅगी करत असताना ते तिथे गेले आणि खिडकीशी उभे राहिले. आमच्या इमारतीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर, नदी वगैरे काही दिसत नाही. समोरच्यांचा गिझर दिसतो. साळवेंनी त्या गिझरकडे बघत, आवाज खाली आणून म्हटलं, "रूथ, माणूस आज आहे, उद्या नाही. तू मात्र कधी रडू नकोस."

रूथच्या हातातला चमचा थांबला. नेमकं त्याच आठवड्यात साळवेंच्या ऑफिसात आरोग्य तपासणी झाली होती आणि ते रक्त देऊन आले होते, हे तिला ठाऊक होतं.

"पपा, वो हेल्थ कॅम्पचा रिपोर्ट आला का?"

साळवे वळले. आणि हसले.

"पपा, काय आलंय रिपोर्टमध्ये?"

साळवे आणखी हसले. (तसं मीच शिकवलं होतं!)

रूथने गॅस बंद केला, खोलीत जाऊन आईला फोन लावला आणि रडायला लागली. रविवारी सकाळी मार्थावहिनी नागपूरहून विमानात बसल्या. इथे उतरून टॅक्सीने निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांनी सुनंदाला फोन केला. आणि सुनंदा घाईने माझ्याकडे आली.

"अहो, साळवेंना काहीतरी मोठं झालंय. रिपोर्ट लपवून ठेवलाय म्हणे. विचारलं तर सांगत नाहीत, नुसते हसतात!"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात दिवा पेटला असता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा हा माणूस! पोरीला कळू नये म्हणून हसतोय! मी अंगात शर्ट अडकवला आणि तसाच खाली धावलो. मागून सुनंदा.

साळवे सोफ्यावर बसले होते. अंगावर शाल, पुढ्यात मऊ भात, आणि पायाशी उशी. चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा खुललेला. मला बघून त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण मी संधीच दिली नाही. मी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावर मोठ्याने रडलो.

"साळवे, एवढं मोठं दुःख एकट्याने गिळलंत!"

साळवेंचा चेहरा हळूहळू उतरला. "कानडे, काय झालंय?"

"आता लपवू नका. मला सगळं कळलंय."

"काय कळलंय?"

"रिपोर्टचं."

"माझ्या? पण रिपोर्ट तर मला अजून आलाच नाही! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मार्थावहिनींनी."

"तिला नागपुरात कळलं आणि मला इथे नाही?" साळवेंनी भाताच्या वाटीकडे बघितलं. मग उशीकडे. मग अंगावरच्या शालीकडे. त्यांची पाचावर धारण बसली. "म्हणजे म्हणून ही पोरगी कालपासून मला जागचं उठू देत नाहीये? माझं काही खरं नाही का, कानडे? मला वाटलं, तुमचा सिनेमा लागू पडला!"

"कुठला सिनेमा?"

हे दारातून रूथने विचारलं. तिच्या हातात गरम पाण्याची पिशवी होती आणि डोळे रडून सुजले होते.

सुनंदा सावकाश माझ्याकडे वळली. चोवीस वर्षांच्या संसारात ही नजर मी फार थोड्या वेळा बघितली आहे, आणि दर वेळी चूक माझीच निघाली आहे.

"अहो, काय शिकवलंत तुम्ही यांना?"

मी काही उत्तर दिलं नाही. फक्त हसलो.

त्यानंतर साळवेंनी ऑडिटच्या माणसाला शोभेल अशा क्रमाने सगळं सांगून टाकलं. मेट्रो, शेळी, कँटीन, खिडकी. एकही मुद्दा गाळला नाही. ते सांगत असतानाच बेल वाजली आणि मार्थावहिनी बॅग घेऊन आत आल्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. तोवर रूथने पपांचा फोन घेऊन ऑफिसच्या मेलमधून रिपोर्ट शोधून काढला होता. सगळं ठणठणीत, फक्त ड जीवनसत्त्व कमी. दिल्लीतल्या सरकारी इमारतीत बसून ते ज्याचं पुरेसं भरेल, त्याची खरं तर चौकशीच व्हायला हवी.

मग रूथ चिडली. चिडली म्हणजे काय, गरम पाण्याची पिशवी तिने सोफ्यावर आपटली. "पपा, मला खरं वाटलं! काल रात्री मी झोपले नाही. बोलायचंच होतं, तर सरळ बोलायचं ना यार!"

"काय बोलू?" साळवे म्हणाले. "तुला सिनेमा आवडतो. मला त्यातलं काही येत नाही. म्हटलं, शिकून मग बोलावं."

"म्हणून तुम्ही डायरेक्ट मरायला निघालात?"

रूथ त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ रडण्यासाठी वळले की हसण्यासाठी, ते तिचं तिलाही कळलं नसावं. शेवटी ती त्यांच्या शेजारी धपकन बसली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "लावा तो सिनेमा. मला बघायचाच आहे."

"कोणता?"

"ज्यात तुम्ही मेलात, तो."

आम्ही सगळ्यांनी बसून तो सिनेमा पाहिला. मी आरोपी असल्यामुळे कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. बाप पहिल्यांदा खोकला तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा खोकला, तेव्हा साळवेंना राहवलं नाही.

"याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. मग हा रोज कामावर कसा? वैद्यकीय रजा शिल्लक नाही का?"

रूथने फस्सकन हसू सोडलं.

"आणि मुलीच्या लग्नात हत्ती आणलाय. या माणसाचा पगार किती? हत्तीला परवानगी कुणी दिली?"

"और बोलो, पपा!"

"बोलतो ना. हा खिडकीशी उभा राहून बोलतोय. पण मागच्या सीनमध्ये या भिंतीला खिडकीच नव्हती. दुरुस्तीचं काम न दाखवता खिडकी कुठून आली?"

रूथने सिनेमा थांबवला आणि मागे नेला. खरंच भिंतीला खिडकी नव्हती! मी तो सिनेमा कितीदा पाहिला असेन, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे भिंत मला कधी नीट दिसलीच नव्हती. रूथ टाळ्या पिटायला लागली. "पपा, ये तो क्लबमध्ये कुणी पकडलं नसतं! तुम्ही एकदा चला ना माझ्याबरोबर." साळवेंनी शाल काढून बाजूला ठेवली आणि ताठ बसले. मार्थावहिनी चहा करायला उठल्या, त्या पदराने डोळे टिपतच. त्यांच्या डोळ्यांत पाणी सिनेमामुळे आलं नव्हतं, एवढं मलाही समजलं.

पुढच्या आठवड्यात मेट्रोत साळवे भेटले ते वेगळेच. "कानडे, काल जेवताना रूथ इतकी बोलत होती, की दोघांचीही भाजी गार झाली."

मला मनापासून आनंद झाला. "अरे वा! कशाबद्दल बोलत होती?"

"तुमच्याबद्दल."

खुलासा हळूहळू असा झाला, की बापलेकीने ठरवून टाकलं होतं: रोज संध्याकाळी मी सुचवलेला एक सिनेमा लावायचा, बापाने आक्षेप काढायचे आणि लेकीने हसायचं. नागपूरहून मार्थावहिनीही फोनवरून हजर असायच्या. त्यांचा व्हिडिओ कॉल लावलेला फोन पाण्याच्या जगला टेकवून टीव्हीसमोर ठेवलेला असे. पुढे फिल्म क्लबमध्येही साळवेंचं भाषण झालं आणि ते म्हणे फार गाजलं. मी सुचवलेले सिनेमे तिथे माझ्या नावाने ओळखले जातात. 'आज एकदम कानडेकाका टाइप काहीतरी बघू' असं पोरं म्हणतात. हे कौतुक नाही हे समजायला मला बराच वेळ लागला, कारण साळवे अधूनमधून अगदी गंभीरपणे विचारत, "कानडे, आणखी सांगा ना. पण याच दर्जाचे हवेत. दर्जा घसरता कामा नये." आणि मी रोज विचार करून सांगत होतो!

खरं कळलं तेव्हा मी सुनंदाकडे तक्रार केली. "बघ, ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. माझ्या जन्मभराच्या आवडीची थट्टा चाललीय खाली."

"मला माहितीये," ती म्हणाली. "मी जाते ना बघायला, मंगळवारी आणि गुरुवारी." मंगळवारी आणि गुरुवारी ती भजनाला जाते, अशी माझी समजूत होती.

गेल्या रविवारी त्यांनी मलाही रीतसर बोलावलं. मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, जावं, निदान एक माणूस तरी त्या सिनेमांच्या बाजूने हजर हवा. लावलेला सिनेमा माझा सर्वांत लाडका होता: दोन मैत्रिणी, एक डोळ्यांनी अधू, दुसरी तिच्या औषधपाण्यासाठी लग्न मोडते, आणि शेवटी रेल्वे फलाटावर दोघींची भेट. मी घरूनच ठरवून गेलो होतो, की काहीही झालं तरी रडायचं नाही. यांना आयतं कोलीत द्यायचं नाही. फलाट येईपर्यंत मी छताकडे बघितलं, मनात पाढे म्हटले, मांडीला चिमटे काढले. पण त्या अधू मैत्रिणीने हात पुढे करून चाचपडत हाक मारली, आणि माझा बांध फुटला. रुमाल अपुरा पडला म्हणून मी सोफ्यावरचा अभ्रा घेतला. रडलो, म्हणजे अगदी आवाज काढून रडलो.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की गाडीचा आवाज येत नाहीये. मी अभ्र्यातून डोकं वर काढलं. सिनेमा थांबवलेला होता. साळवे, रूथ आणि माझी बायको, तिघंही टीव्हीकडे पाठ करून ओळीने माझ्याकडे तोंड करून बसली होती. पाण्याच्या जगला टेकवलेला, मार्थावहिनींच्या कॉलचा फोनही कुणीतरी माझ्याकडे वळवला होता, आणि त्यात त्या, त्यांच्या ऑफिसातल्या दोन बायका आणि एक शेजारीण दाटीवाटीने बसून, शेंगा खात, माझ्याकडे बघत होत्या.

"चालू दे, काका," रूथ अगदी मायेने म्हणाली. "तुमचं झालं की मग सिनेमा लावते."

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "लावून टाक बाळा. माझं एवढ्यात संपायचं नाही."